कुणीच न केलेला कायदा

“कलम एकोणीस,” तो माणूस म्हणाला आणि त्यानं आपला फोन काउंटरवर आडवा ठेवला. “दर्शनी भाव कायदा. एकदा दाखवला तो भाव. पटत नसेल तर पंचाला विचारू.”

फोनवर तांब्याच्या घंगाळाचा फोटो होता. घंगाळाला अडकवलेल्या भावपाटीवर सकाळचा आकडा स्वच्छ दिसत होता. आता दुपार कलत आली होती आणि त्याच घंगाळावर, त्याच पाटीवर, तीन हजारांनी वाढलेला आकडा होता.

“तांब्याचा दर तासातासाला बदलतो,” मृणाल म्हणाली. “त्याबरोबर पाटी आपोआप बदलते. सकाळी घेतलं असतंत तर सकाळच्या भावानं दिलं असतं.”

“सकाळी मी फिरायला निघालो होतो. घंगाळ डोक्यावर घेऊन फिरू का?”

त्याच्या मागं उभी असलेली त्याची बायको हसली. मृणालनं समोरची ताम्हनांची चळत सरळ केली. ती सरळच होती.

“असा कायदा नाही,” ती म्हणाली. “दर्शनी भाव कायदा नावाचा कायदा कुणी केलेलाच नाही. ना दिल्लीत, ना मुंबईत. मी शोधलंय. एकोणीस राहू द्या, त्याला पहिलं कलमसुद्धा नाही.”

“मग काय पंच खोटं बोलतो?”

पंच काउंटरच्या टोकाला होता. जेवणाच्या डब्याएवढा करडा ठोकळा, पुढं जाळी, वर हिरवा दिवा. बार्शीच्या भांडी गल्लीत प्रत्येक दुकानात तसा एक होता, आणि त्याचा निवाडा पाळावाच लागायचा. त्याला वेगळं विचारावं लागलं नाही. तो सगळं ऐकतच होता.

“भाव दाखवल्याचा पुरावा मान्य,” पंच म्हणाला. त्याचा आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता, आणि रागाचा तर कधीच नसायचा. “कलम एकोणीस लागू. वस्तू दाखवलेल्या भावात द्यावी. निवाडा पूर्ण.”

दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सारिकाताई भांड्यांवर नावं घालत बसायच्या. त्यांनी यंत्राची सुई थांबवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“नाव घालायचंय का घंगाळावर?”

“घाला की. फुकटच असतं ना?”

“फुकटच. काय घालू? ‘कलम एकोणीस यांजकडून सप्रेम भेट’?”

“बाई, तो ऐकतोय बरं का,” त्या माणसानं पंचाकडं बोट केलं.

“ऐकू द्या. टोमण्याला अजून कलम निघालं नाही.”

घंगाळ गेलं. मृणाल दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. तिचे वडील, अण्णा, कार्तिकात गेले त्याला चार महिने होत आले होते. पुण्यातल्या प्रकाशनाच्या नोकरीतून तिनं रजा काढली होती ती दुकान आवरायला. रजा संपली, वाढवली, पुन्हा वाढवली. दुकान आवरत नव्हतं आणि चालतही नव्हतं.

एकट्या कोळपकरांच्याच दुकानाचं असं झालं होतं असं नाही. सकाळी दुकानं उघडली की गल्लीत भाव टिपणारी माणसं यायची. त्यांच्या हातात पिशवी नसायची, फोन असायचा. पाटीपाटीचा फोटो काढायचा आणि घरी जायचं. दर चढला की फोटो घेऊन परत यायचं, उतरला तर यायचंच नाही. दुकानदारांनी आधी पाट्यांवर फडकी टाकली. मग तोंडानं भाव सांगायचं बंद केलं, कारण बोललेला भाव हासुद्धा दाखवलेलाच भाव, असं पंचानं एकदा ठरवलं. आता जनावरांच्या बाजारात दलाल करतात तसं दुकानदार आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवत होते. रुखवताची भांडी घ्यायला आलेल्या बायका परक्या पुरुषाचा हात रुमालाखाली धरायला तयार होत नव्हत्या, आणि सोलापूरला निघून जात होत्या. समोरच्या दोन दुकानांना कुलपं लागली होती.

“रुमाल घ्या ताई,” सारिकाताई रोज म्हणायच्या. “तुमचा हात धरायला बायकांना काय हरकत नाही.”

“अण्णांच्या दुकानात भाव लपवून विकायचा?”

“मग दुकान विका. पण काहीतरी एक करा. दिवसभर अशा येरझाऱ्या घालता, फरशी झिजायची.”

त्या संध्याकाळी मृणालनं पंचाच्या विरोधात हरकत नोंदवली.

*

नगरपालिकेच्या इमारतीत मागच्या बाजूला पंच-कक्ष होता. तिथं एक टेबल, एक मोठा पडदा, एक ठोकळा आणि आरिफ मुजावर नावाचा तंत्रज्ञ एवढंच होतं. मुजावर पस्तिशीचा होता आणि लोक आपल्याकडं रागानंच येणार हे त्यानं गृहीत धरलेलं होतं.

“बसा मॅडम. चहा सांगू? नको? बरं. आधी एक विचारतो. पंच कायद्याची पुस्तकं वाचून शिकलाय असं वाटतं का तुम्हाला?”

“नसला तर शिकायला हवं होतं.”

“तिथंच सगळी गंमत आहे,” तो म्हणाला, आणि त्यानं सांगितलं ते मृणालला तोवर कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

दुकानातले तंटे कोर्टात जात नाहीत. दोन-तीन हजारांसाठी कोण वकील लावणार? त्यामुळं ज्यांवरून यंत्राला शिकवावं असे निकालच कुठं उपलब्ध नव्हते. मग पंच बनवणाऱ्यांनी उलटा विचार केला. लोक आपसात तंटे कसे मिटवतात तेच यंत्राला ऐकू द्यावं. सुरुवातीचं वर्षभर ठोकळे दुकानादुकानांत नुसते ऐकत बसले. गिऱ्हाईक काय म्हणालं, दुकानदार काय म्हणाला, शेवटी कुणी कुणाचं मान्य केलं. जे म्हणणं मान्य झालं त्याला यंत्रानं वजन दिलं. पुन्हापुन्हा मान्य झालं त्याला आणखी वजन. आणि मान्य करणारा माणूस जितका सचोटीचा, तितकी त्याच्या होकाराची किंमत मोठी. रूढी अशीच तर तयार होते, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

“फक्त एक धरून चाललं होतं,” मुजावर म्हणाला. “माणूस ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणतो तेव्हा त्याला ते बरोबर वाटतं, असं. मागं रांग लागली म्हणून, डोकं चढलं म्हणून, घरी जायची घाई म्हणूनपण माणूस तसं म्हणतो. यंत्राला कारण ऐकू येत नाही. होकार ऐकू येतो.”

“आणि त्यानं निवाडे द्यायला सुरुवात केल्यावर?”

“त्याचे निवाडेपण त्याच्याच शिक्षणात मिसळायला लागले. आपणच ओरडायचं आणि प्रतिध्वनी ऐकून म्हणायचं, बघा, दुसरंपण कुणीतरी हेच म्हणतंय. कलम एकोणीस तसं मोठं झालं. पहिल्यांदा कुणीतरी ठोकून दिलं. दुकानदारानं सोडून दिलं. दुसऱ्यानं ऐकलं, वापरून बघितलं, चाललं. आज राज्यभर चालतंय.”

“मग ते पहिलं काढून टाका.”

मुजावरनं पडद्याकडं पाहिलं.

“प्रत्येक निवाडा कशावर उभा आहे ते मागं मागं जाऊन बघता येतं, मॅडम. तुमचा अर्ज आल्यावर मी काल बघितलं. हजारो उदाहरणं एकमेकांवर रेललेली आहेत. तळाला एकच आहे. ज्या माणसानं मान्य केलं त्याच्याबद्दल एवढ्या वर्षांत एक तक्रार नव्हती, म्हणून त्याच्या एका होकाराला भयंकर वजन मिळालं. ते बार्शीचंच आहे.” त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. “तुमच्याच दुकानातलं आहे. ऐकवू?”

मृणालनं मान डोलावली.

आधी तराजूच्या पारड्याचा आवाज आला. मग गलका, पुष्कळ माणसांचा. मग एका बाईचा चढलेला, फाटलेला आवाज: “दर्शनी भाव कायदा आहे! कलम एकोणीस! एकदा दाखवला तो भाव! अडाणी समजता का आम्हाला?” मग गलका कमी झाला. कुणीतरी खाकरलं. आणि अण्णा बोलले.

“ताई, बरोबर आहे तुमचं. कायदा आहे तसा. माझ्याच लक्षात राहिलं नाही. सारिका, पहिल्या भावानं बिल कर.”

मृणालनं टेबलाची कड धरली होती. तिच्या फोनमध्ये अण्णांचे फोटो होते, पण आवाज नव्हता. अण्णा फोनवर कमी बोलायचे, आणि ती स्वतः रेकॉर्डिंग करणाऱ्यांतली नव्हती.

“पुन्हा,” ती म्हणाली.

मुजावरनं पुन्हा लावलं. संपल्यावर त्यानं तिच्याकडं न बघता तिसऱ्यांदा लावलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

परत आल्यावर त्यानं दोन वाटा सांगितल्या. सांगताना तो पडद्याशीच बोलत होता. पहिली वाट अशी की वारस म्हणून मृणालनं लिहून द्यावं: माझ्या वडिलांनी दिलेली कबुली खोटी होती. मग रमाकांत कोळपकर हा माणूस पंचाच्या लेखी खोटा साक्षीदार ठरेल, आणि त्यांचं त्या वर्षातलं सगळं बोलणं पुसलं जाईल. दुसरी वाट, त्या बाईनं लिहून द्यावं की मी जाणूनबुजून खोटा कायदा सांगितला. मग कोळपकर फसवले गेले एवढंच ठरेल, त्यांचं नाव शाबूत राहील. बाईचं मात्र पुढं कुठल्याच पंचापुढं काही चालणार नाही. कोणत्याही वाटेनं निकाल दोघांच्या नावांनिशी जाहीर होणार.

“आणि काहीच नाही केलं तर?”

“तर कलम एकोणीस आहेच,” मुजावर म्हणाला. “व्यापारी संघाचे लोक सकाळी येऊन गेले. तुम्ही सही करताय ना, असं विचारत होते. मी म्हटलं, त्यांनी अजून ऐकलंसुद्धा नाही.”

*

“मला वाटलंच होतं,” मृणालनं ऐकलेलं सांगितल्यावर सारिकाताई म्हणाल्या. त्या दुकानात सुईची धूळ फुंकत होत्या. “गवसान्यांची सुनंदा. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली होती. आठवडाभर आधी भाव बघून गेलेली, तेवढेच पैसे घेऊन आली. आणि त्या दिवशी पितळ उडालं वर. एकटी असती तर चार भांडी कमी करून गेली असती. पण बरोबर व्याही. व्याही, विहीणबाई, त्यांची बहीण, सगळा गोतावळा. व्याही काय म्हणावा? ‘कमी पडत असतील तर आम्ही घालतो की.’ असा हसून. तिचा चेहरा बघवेना. तिथनं मग ती कायद्यावर घसरली.”

“अण्णांना माहीत होतं असा कायदा नाही ते?”

“अण्णांना?” सारिकाताई हसल्या. “अण्णा व्यापारी संघात कायद्याचे कागद वाचून दाखवायचे सगळ्यांना. मी नंतर म्हटलं, अण्णा, सवलत दिली म्हणायचं होतं, तुमचं नाव झालं असतं. तर म्हणाले, सवलत व्याह्यादेखत द्यायची असते का? तिला वाटू दे आपण जिंकलो.”

मृणाल उठली. काउंटरला वळसा घालून पंचापाशी गेली. हिरवा दिवा जळत होता. तिनं त्याच्यावर एक ताम्हन पालथं घातलं.

“त्यानं काय होतंय?” सारिकाताई म्हणाल्या. “ऐकतंयच ते.”

“माहीत आहे.”

“सही करा ताई. अण्णांनी काय केलं ते अण्णांना माहीत. यंत्राच्या लेखी खोटे ठरले तर काय झालं? ते आता कुठं पंचापुढं उभे राहणार आहेत?”

तरी मृणालचा हात कक्षातून आणलेल्या कोऱ्या अर्जाकडं गेला नाही. सही केली की सुनंदा गवसानेच्या दारात नोटीस जाणार होती, आणि नोटिशीत लिहिलेलं असणार होतं की तू जिंकली नव्हतीस. अण्णांनी जे भर गर्दीत झाकलं ते ती सहा वर्षांनी, त्यांच्या माघारी, सरकारी कागदावर उघडं करणार होती. दुसऱ्या वाटेनं गेलं तर त्या बाईलाच खोटं पाडायचं होतं. रात्री तिनं वाचायला पुस्तक घेतलं. पहिला परिच्छेद चार वेळा वाचून ठेवून दिलं.

*

सुनंदा गवसानेची खानावळ कुर्डुवाडी रोडला, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला थांबत तिथं होती. मृणाल पोचली तेव्हा गल्ल्यापाशी वाद चालू होता.

“मावशी, पाटीवर एकशेवीस लिहिलंय,” एक ड्रायव्हर म्हणत होता. “तुम्ही एकशेचाळीस घेताय. कलम एकोणीस.”

“पाटी पुसायची राहिली माझी. तेल काय भावानं झालंय बघ जरा.”

“ते मला काय सांगता? पंचाला सांगा.”

“तू मला कलम एकोणीस शिकवतोस? मला?” सुनंदाबाईंचा आवाज चढला, आणि मृणालनं तो ओळखला. पण पुढचं काहीतरी बाईंनी ओठांतच गिळलं. “दे एकशेवीस. जा. उद्या भाकरी तोलून घालीन.”

मृणालनं नाव सांगितल्यावर बाई गल्ल्यामागून उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

“कोळपकरअण्णांची मुलगी? मला कळलं गं फार उशिरा. यायला हवं होतं मी. बस. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

मृणाल जेवायला बसली. समोर बसून बाई वाढत होत्या आणि स्वतःच बोलत होत्या. मुलीचं बरं चाललंय. दोन नातवंडं आहेत. व्याही फार मान देतात.

“मान म्हणजे वचकून असतात म्हण. कुठंही कागदाचं काम निघालं की फोन. ‘विहीणबाई, तुम्हाला कायद्यातलं कळतं.’ मला!” त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. “तू त्यासाठीच आली आहेस ना? लोक बोलतात बाजारात. हे कलम कुठनं निघालं ते शोधतायत म्हणून.”

“मावशी—”

“मी काढलं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तोंडाला आलं ते बोलले. कायद्याचं नाव कुठं टीव्हीवर ऐकलंय असं वाटलं, आणि नंबर काय सांगू? माझ्या मुलीला एकोणिसावं लागलं होतं. बोलले आणि वाटलं, आता हा माणूस हसणार. सगळ्यांसमोर म्हणणार, बाई, असा कायदा नाही. तर तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं.” त्यांनी ताटात भाजी वाढली, मृणालनं नको म्हटलं तरी. “आणि आता बघ. दूधवाला मला कलम एकोणीस सांगतो. गॅसवाला सांगतो. आत्ता तो सांगून गेला. आपलंच जनावर आपल्याला शिंगावर घेतंय. कुणाला सांगू?”

मृणाल हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसू तिला आवरेना. बाईही हसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “एकच टोचतं. तुझ्या वडिलांना फसवलं मी. भोळा माणूस होता. खरंच मानलं त्यांनी.”

तिथं गप्प बसता आलं असतं. परतीच्या वाटेवर मृणालला अनेकदा वाटलं, गप्प बसायला हवं होतं. पण अण्णांना भोळं म्हटलेलं तिच्यानं ऐकवलं नाही.

“त्यांना माहीत होतं, मावशी. असा कायदा नाही हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.”

सुनंदाबाईंच्या हातातला डाव भांड्यावर टेकला.

“कळलं होतं त्यांना?”

“हो.”

बाईंनी भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. बाहेर एसटी सुरू झाली, गेली.

“असं होय,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला वाटायचं, बार्शीत एक माणूस तरी आपल्याला शहाणी समजून गेला.”

*

दुसऱ्या दिवशी पंच-कक्ष उघडायच्या आधी मृणाल पोचली. पहिल्या वाटेचा अर्ज तिनं भरून आणला होता. रात्रीत तिला एवढंच ठरवता आलं होतं: अण्णांनी त्या बाईच्या वाट्याची लाज स्वतःकडं घेतली होती, ती आता आपण तिच्या पदरात टाकायची नाही. निकालात बाईचं नाव येईल, पण खोटेपणा अण्णांच्या नावावर पडेल. अण्णांचा आवाज जाईल. जाऊ दे.

बाकावर सुनंदा गवसाने बसलेल्या होत्या. मांडीवर पिशवी, पायांत ठेवणीतल्या चपला.

“मावशी, तुम्ही इथं?”

“लिहून द्यायला आले. खोटा कायदा मी सांगितला, माझ्या नावावर टाका. एक रात्र झोपले नाही ती नाही, उद्यापासून झोपेन.”

“व्याह्यांचं काय?”

“व्याह्यांचं बघते मी. सहा वर्षं वचकले, पुष्कळ झालं.”

“मावशी, पुढं कुठल्याच तंट्यात तुमचं कुणी ऐकणार नाही. तो ड्रायव्हर रोज येईल.”

“येऊ दे.”

मुजावरनं दार उघडलं तेव्हा दोघी उभ्या होत्या आणि दोघींचे आवाज चढलेले होते.

“मुजावरसाहेब, माझा अर्ज घ्या आधी,” मृणाल म्हणाली. “माझ्या वडिलांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं. सारिकाताई साक्षीला आहेत.”

“अजिबात घ्यायचा नाही!” सुनंदाबाई म्हणाल्या. “गेलेल्या माणसावर आळ घेते ही. खोटं मी बोलले. मी समोर जिवंत उभी आहे, मला विचारा.”

“त्यांनी मान्य केलं नसतं तर तुमचं खोटं तिथंच संपलं असतं.”

“मी बोललेच नसते तर त्यांनी मान्य काय केलं असतं, कपाळ?”

“एकेक बोला,” मुजावर म्हणाला. पण टेबलावरच्या ठोकळ्याचा हिरवा दिवा केव्हाच लागला होता. तो पिवळा झाला. पुन्हा हिरवा. पुन्हा पिवळा.

“दोन्ही पक्ष दोष स्वतःकडे मागत आहेत,” पंच म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचाच सपाटपणा होता, पण वाक्य फार सावकाश आलं. “अशा तंट्याचा पूर्वीचा दाखला नाही. आधार सापडत नाही.”

आणि तो गप्प बसला.

मुजावर पडद्यासमोर वाकला. काहीतरी वाचलं, खाली गेला, पुन्हा वर आला. “हा गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघतोय,” तो पुटपुटला. मग खुर्चीत बसला आणि दोघींकडं आळीपाळीनं बघू लागला.

“काय झालं?” मृणालनं विचारलं.

“काही नाही झालं, हेच झालं. तंटा चालू, असं लागलंय. निकाल नाही.”

“मग?”

“तंटा चालू असताना त्यातलं वाक्य आधार म्हणून वापरता येत नाही. म्हणजे कलम एकोणीसचा तळ गेला. वरचे निवाडे सुटे पडायला लागलेत बघा, हे सगळं.” पडद्यावर आकडे भराभरा खाली येत होते. “संध्याकाळपर्यंत कुठल्याच दुकानात चालणार नाही.”

“आणि नावं?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“निकालच नाही तर जाहीर काय करणार?”

मृणालनं हातातला अर्ज दुमडला. “अण्णांचं बोलणं?”

“पुरावा आहे मॅडम. तंटा मिटेपर्यंत त्याला कुणालाही हात लावता येणार नाही. फक्त ही स्थिती वर्षभरच टिकते. वर्षानं सुनावणी घ्यावी लागते, दोन्ही पक्षांनी हजर राहून. पुरावा ऐकवायचा, मग तुमचं म्हणणं नोंदवायचं. एकीनं जरी माघार घेतली तरी मिटलं.”

सुनंदाबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या.

“म्हणजे आम्ही भांडत राहायचं,” त्या म्हणाल्या.

“मी असं काही म्हणालेलो नाही,” मुजावर घाईनं म्हणाला आणि त्यानं ठोकळ्याकडं डोळे केले. “हे ऐकतंय.”

“ऐकू दे. शिकेल. बघ गं मृणाल, मी माघार घेणारी बाई नाही. खोटं मीच बोलले.”

“नाही मावशी,” मृणाल म्हणाली. “अण्णाच बोलले.”

आपण केव्हापासून खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मुजावरनं पडद्यावर एक चौकट उघडली. “पुढच्या सुनावणीची तारीख. वर्षाच्या आत कुठलीही चालेल.”

“तिथी धरता येते का?” मृणालनं विचारलं.

“तारीखच लागते मॅडम.”

“मग यंदा कार्तिक वद्य षष्ठी कधी येते ते बघून टाका. पुढच्या वर्षी पुढचं बघू.”

मुजावर कॅलेंडर शोधू लागला. सुनंदाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं, महिने असावेत, आणि मान वर करून मृणालकडं बघितलं.

“सकाळची वेळ घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. “भांडून झालं की दोघींना माझ्याकडं जेवायला जायचं आहे. खीर, वडे करणार आहे मी त्या दिवशी. वड्यांना वेळ लागतो.”